ओहाई वाचवायची कशी: हवाई बेटांवरच्या दुर्मीळ शेंगवर्गीय झुडपासाठी, बीपासून कुंपणापर्यंत

हादगा आणि शेवरी आपल्या ओळखीची झाडं. सेस्बेनिया ही त्यांची प्रजाती. याच प्रजातीतली एक बहीण पॅसिफिक महासागराच्या मधोमध, हवाई बेटांवर वाढते. तिचं नाव ओहाई, शास्त्रीय नाव सेस्बेनिया टोमेंटोसा. या बेटांखेरीज जगात ती दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाही. एके काळी आठही मोठ्या बेटांच्या कोरड्या किनाऱ्यांवर आणि वायव्येकडच्या निहोआ व मोकुमानामाना या खडकाळ बेटांवर तिची नोंद होती. आज ती विखुरलेल्या थोड्या जागी उरली आहे. १९९४ साली अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली तिला 'संकटग्रस्त' म्हणून संरक्षण मिळालं.

ओहाईचं बी रुजवणं हे तिच्या संवर्धनातलं सगळ्यात सोपं काम आहे, हे आधीच सांगतो. कडधान्य मोड आणता येणाऱ्या कुणालाही ते जमेल. कठीण काम पुढचं आहे: कोणत्या बेटाचं बी कोणत्या बेटावर लावायचं, फुलावर कोणती माशी येणार, शेंग पिकल्यावर ती उंदराच्या तोंडी जाणार की जमिनीवर पडणार. शेकडो रोपं तयार झाली, पण त्यांच्या सावलीत आपोआप एकही रोप उगवलं नाही, तर जात वाचली असं म्हणता येत नाही. म्हणून या लेखात कुंडीइतकीच जागा कुंडीबाहेरच्या गोष्टींना दिली आहे.

आधी नावाचा घोळ सोडवा

हवाईत 'ओहाई' म्हणून बी मागितलंत तर चार वेगवेगळी झाडं हाती येऊ शकतात. बाहेरून आणलेल्या, शेंगा धरणाऱ्या झाडांनाही तिथल्या लोकांनी हेच नाव दिलं. रस्त्याकडेचा प्रचंड वर्षावृक्ष, म्हणजे विलायती शिरीष, तोही ओहाई. गुलमोहर 'ओहाई उला', म्हणजे लाल ओहाई. आपला शंकासूर 'ओहाई आलीई'. या तिघांचा मूळ ओहाईशी कुटुंबापलीकडे संबंध नाही.

खरी ओहाई ओळखायला पानाला हात लावून पाहा. टोमेंटोसा म्हणजे दाट लव असलेली. किनाऱ्यावरच्या झुडपांची पानं या लवेमुळे रुपेरी दिसतात आणि बोटांना मऊ लागतात. चिंचेसारखं संयुक्त पान, त्यावर साधारण १८ ते ३८ पर्णिका. फूल मटारच्या किंवा हादग्याच्या फुलासारखं, पतंगाच्या आकाराचं. रंग पिवळसर-शेंदरीपासून लालभडकपर्यंत. शेंग ७ ते २३ सेंटिमीटर लांब, किंचित चपटी, आत साधारण २७ बिया. वाढीची तऱ्हा मात्र जागेप्रमाणे बदलते. ओआहू बेटाच्या कएना पॉइंट या टोकावर ती वाऱ्याला पाठ देऊन वाळूवर सरपटत पसरते. आडोसा मिळाला तर तीच जात ६ मीटरपर्यंतचं छोटं झाडही होते. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळ्यात महत्त्वाचा नियम त्याच्यावर उभा आहे.

परवाना, आणि रोप कुठून घ्यायचं

रानातल्या ओहाईची एक शेंगही परवान्याशिवाय तोडायची नाही. हवाई राज्याचा स्वतःचा कायदा संघीय कायद्यापेक्षा याबाबत कडक आहे. पण घराशेजारी ओहाई लावणं बेकायदा नाही. राज्याचा परवाना असलेल्या रोपवाटिका लागवडीतून वाढवलेली रोपं विकतात आणि प्रत्येक रोपाला तशी चिठ्ठी बांधलेली असते. ती चिठ्ठी फेकू नका. झुडूप रानातून उपटलेलं नाही, याचा तोच पुरावा.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर रोप न्यायचं झालं तर कृषी खात्याची तपासणी करून घ्यावी लागते. कुंडीतल्या मातीतून डंख मारणाऱ्या छोट्या लाल मुंग्या आणि कोकी बेडूक नव्या बेटावर पोचतात, आणि एकदा पोचले की निघत नाहीत. माझा सल्ला असा, की आपल्याच बेटावर वाढवलेलं रोप घ्या. तपासणीची दगदग वाचते आणि झाडाचा वंशही शुद्ध राहतो.

हवाईबाहेर राहणाऱ्यांनी टपालाने बी मागवू नये. दुसऱ्या देशातल्या बागेत वाढलेली ओहाई तिच्या किनाऱ्याच्या काही कामाची नाही. बीपासून कुंपणापर्यंतचा हा क्रम मात्र कुठल्याही बेटावरच्या कुठल्याही दुर्मीळ शेंगवर्गीय वनस्पतीला लागू पडतो.

बेटाचं बी त्याच बेटाला

कएना पॉइंटची सरपटणारी ओहाई, मोलोकाईच्या मोओमोमी वाळूच्या टेकड्यांवरची ओहाई, काऊआईच्या पोलिहाले किनाऱ्याची ओहाई, निहोआच्या कड्यावरची ओहाई: शास्त्र यांना आज एकच जात मानतं, पण दिसायला आणि वाढीला त्या वेगळ्या आहेत. हजारो वर्षं आपापल्या वाऱ्या-मिठाशी जमवून घेत त्या तशा झाल्या. दोन ठिकाणची झुडपं बागेत शेजारी लावली तर माश्या पराग इकडून तिकडे नेतात आणि संकरित बी तयार होतं. असं बी पुन्हा किनाऱ्यावर गेलं की तिथल्या मूळ झुडपाचं वेगळेपण पातळ होऊ लागतं.

म्हणून एका बागेत एकाच ठिकाणच्या वंशाची रोपं ठेवा. रोपवाटिकेत "हे मूळ कुठल्या किनाऱ्याचं?" असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर झुडूप शोभेला आनंदाने लावा, पण त्याचं बी संवर्धनासाठी कुणाला देऊ नका. पुष्कळ भली माणसं नेमकी इथे चुकतात. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यांना थांबवणंही जड जातं.

बी गोळा करणं आणि साठवणं

हा भाग परवाना घेऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आणि स्वतःच्या बागेतल्या झुडपावरून बी धरणाऱ्यांसाठी आहे.

दुर्मीळ वनस्पतींच्या कामात रुळलेला दंडक असा: एका हंगामात झाडावरच्या बियांपैकी फार तर १० टक्के घ्यायच्या. झुडपावर ४० शेंगा असतील तर चार. बाकीच्या तिथल्या जमिनीच्या. दुसरा दंडक, शक्य तितक्या जास्त झुडपांवरून थोडं थोडं घ्यायचं. मोठ्या वस्तीत पन्नासेक झुडपांपर्यंत. एकाच भरगच्च झुडपावरून पिशवी भरणं सोपं असतं, पण ती सगळी एकाच आईची लेकरं.

शेंग हिरवी असताना तोडू नका. ती तपकिरी, कोरडी झाली आणि हलवल्यावर आत बिया वाजू लागल्या की तयार. प्रत्येक झुडपाच्या शेंगा वेगळ्या कागदी पाकिटात घाला. त्यावर झुडपाचा क्रमांक, जागा आणि तारीख तिथेच उभं राहून लिहा, घरी जाऊन नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते.

घरी शेंगा फोडून प्रत्येक बी पाहा. बारीक गोल भोक असलेली बी आतून भुंग्याने खाल्लेली असते, डाळींना लागतो तसाच. ती आणि तिच्यातला भुंगा दोन्ही बाजूला काढा. उरलेल्या बिया सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात वाळवा. बियाणे-बँकांत १० ते २५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला बी सुकवतात आणि मग उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. कडक कवचाच्या शेंगवर्गीय बिया अशा थंडीत दीर्घकाळ टिकतात. नीट वाळलेलं बी गोठवलं तर लपून राहिलेला भुंगाही मरतो. ओलसर बी मात्र गोठवू नका; आतलं पाणी गोठून बी मरतं.

सगळं बी स्वतःपाशी ठेवू नका. ओआहूवरच्या लायन आर्बोरेटमच्या बियाणे-बँकेत हवाईच्या दुर्मीळ वनस्पतींचं बी ठेवलं जातं. रानातल्या बियांचा एक भाग अशा ठिकाणी पोचलाच पाहिजे. काहोओलावे बेटालगतच्या एका सुळक्यावर १९९२ साली कानालोआ काहोओलावेन्सिस ही दुसरी शेंगवर्गीय वनस्पती सापडली, तेव्हा तिची जिवंत झाडं दोनच उरली होती. जमिनीत साठलेल्या जुन्या परागांवरून कळतं, की हीच वनस्पती एके काळी ओआहूच्या सखल भागातही भरपूर होती. ओहाईच्या बाबतीत आपल्या हातात अजून पुरेशा शेंगा आहेत. बी साठवायची वेळ हीच.

बी रुजवणं

ओहाईचं कवच पाणी आत घेत नाही. रानात ऊन, वाळूचं घर्षण आणि काळ ते हळूहळू झिजवतात. आपण तेच दोन मिनिटांत करतो.

बीवर एक छोटा डोळा असतो, जिथे ती शेंगेला चिकटलेली होती. अंकुर त्याच्या जवळ असतो, म्हणून तिथे हात लावायचा नाही. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने कवचाचा अगदी बारीक टवका काढा किंवा बारीक पॉलिशपेपरवर ती बाजू घासा. आतला फिकट गर जेमतेम दिसला की थांबा. मग बिया साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी फुगलेल्या बिया पेरायच्या. ज्या तशाच टणक राहिल्या त्यांना पुन्हा टवका काढून आणखी एक रात्र द्यायची. उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायची पद्धतही कडक बियांसाठी वापरतात, पण मोजकं बी हातात असेल तर मी ती सुचवणार नाही. एक घाणा बिघडला तर सगळंच गेलं.

पेरणीचं मिश्रण पाणी झरझर सोडणारं हवं. ज्वालामुखीची बारीक खडी किंवा पर्लाइट अर्ध्याहून जास्त, उरलेलं निर्जंतुक कुंडीमिश्रण. बागेतली माती वापरू नका. त्यातले सूत्रकृमी ओहाईच्या मुळांत शिरतात आणि झुडूप पुढे कधीच जोम धरत नाही. प्रत्येक बी सुरुवातीपासून स्वतंत्र, खोल कुंडीत, अर्धा सेंटिमीटर खाली पेरा. एका ट्रेमध्ये दाटीने पेरून मग उपटून लावणं या झाडाला सोसत नाही.

अंकुर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत वर येतो. रोपं सर्वांत जास्त मरतात ती यानंतर, आणि मरतात पाण्याने. देठ जमिनीलगत काळा पडून रोप एका रात्रीत आडवं होतं. पाणी सकाळी द्या, वरून फवारू नका, वरचा थर सुकेपर्यंत पुन्हा देऊ नका आणि वारा खेळता ठेवा. पहिल्या दिवसापासून भरपूर उजेड हवा. सावलीत वाढलेलं रोप लांबट, पातळ होतं आणि किनाऱ्यावरच्या पहिल्या वाऱ्यातच मोडतं.

नत्रखताची गरज नाही. ओहाईच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र तिला देतात. खत जास्त झालं तर पानं फोफावतात आणि मावा-पिठ्या ढेकूण धावून येतात.

रोप जमिनीत लावताना

रोप १५-२० सेंटिमीटरचं झालं, कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळं डोकावू लागली की त्याला आठ-दहा दिवस उघड्यावर, वाऱ्यात ठेवून कणखर करा. हवाईत नोव्हेंबरच्या आसपास ओला हंगाम सुरू होतो. लागण तेव्हाच करावी.

जागा पूर्ण उन्हाची. माती वाळूची, प्रवाळाच्या चुऱ्याची किंवा लाव्ह्याच्या खडीची. चिकणमाती असेल तर उंच वाफा करा. दोन रोपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवा, कारण सरपटणारी ओहाई आडवी पसरते. कुंडीतला मातीचा गोळा न फोडता ठेवायचा. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच. खोल पुरलं तर कुजतं. खोडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन टेकू देऊ नका, खडी पसरा.

पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून एक-दोनदा मुळापर्यंत पोचेल असं पाणी द्या, शक्यतो ठिबकने. पुढे अंतर वाढवत थांबवा. कायम पाण्यावर राहिलेलं झुडूप खोल मूळ धरत नाही.

रात्री पानांना जाळीसारखी भोकं पडत असतील तर ते चायनीज रोझ बीटल या पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. विजेरी घेऊन बघा, हाताने वेचा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर कुठेतरी खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. फांदीला टाचणीएवढं भोक पडून टोक वाळत असेल तर ती फांदी खालून छाटून नष्ट करा. आत खोडकिडा असतो.

फुलावर कोण येतं ते पाहा

हवाईत स्थानिक मधमाश्या एकाच गटाच्या आहेत: हायलिअस, पिवळ्या तोंडाच्या बारीक काळसर माश्या. बेटांवर त्यांच्या साठहून जास्त जाती आहेत. पायावर परागाची टोपली नसल्याने त्या पराग गिळून नेतात. कएना पॉइंटवर ओहाईच्या फुलांवर त्या काम करताना दिसतात. २०१६ साली यांतल्या सात जातींना संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं. अमेरिकेत मधमाश्यांना असं संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. झुडूप आणि माशी, दोघंही एकाच यादीत.

त्यामुळे ओहाईवर कीटकनाशक फवारू नका. या माश्यांपैकी किनाऱ्यावरच्या काही पोकळ काटक्यांत आणि प्रवाळाच्या दगडांतल्या फटींत घरं करतात. वाळलेल्या फांद्या, दगडांचे ढीग साफसफाईच्या नावाखाली उचलू नका. शेजारी नाउपाका आणि इलिमा ही तिथलीच फुलझुडपं लावा, म्हणजे ओहाई फुलावर नसताना माश्यांची उपासमार होणार नाही. हवाईत मूळची एकही मुंगी नव्हती. बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या या माश्यांच्या घरट्यांचा फडशा पाडतात, म्हणून उष्टं, गोड पेय, फळांच्या साली किनाऱ्यावर सोडू नका.

तोंडं, टायर आणि आग

उंदीर बिया आणि कोवळी शेंग खातात. शेळ्या-गुरं झुडूप बुंध्यापर्यंत खुडतात. मोलोकाईवर १८६८ साली सोडलेल्या चितळांचे कळप आता मोठे झाले आहेत. शेळीसाठी कमी उंचीचं कुंपण चालतं, चितळासाठी जवळपास अडीच मीटर लागतं. घराजवळच्या लागवडीत उंदरांसाठी सापळे बंद पेटीत बसवा, म्हणजे पक्षी सापडत नाहीत. विष टाकायचं काम अधिकृत यंत्रणेवर सोपवा.

मोठ्या जागेवर काय करता येतं ते कएना पॉइंटला पाहावं. तिथे वाळूवरून बेफाम गाड्या फिरत असत आणि झुडपं चिरडली जात. १९८३ साली राखीव क्षेत्र झालं, गाड्या थांबल्या, आणि २०११ मध्ये भूशिराच्या मुळाशी आडवं, सुमारे दोन मीटर उंच कुंपण पूर्ण झालं. जाळीची छिद्रं उंदराचं पिल्लूही जाणार नाही इतकी बारीक, वरची कड बाहेर वळवलेली, खालची जमिनीत पुरलेली. आतली सुमारे २० हेक्टर जागा उंदीर-मुंगुसांपासून मोकळी केली गेली. अमेरिकेतलं हे अशा प्रकारचं पहिलं कुंपण. फाटकाला दोन दारं आहेत. एक मागे बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तिथे जाल तेव्हा हे पाळा, वाटेवरूनच चाला, आणि आत शिरण्याआधी बुटांतलं गवताचं बी झाडून टाका.

निहोआवर जायला तर विशेष परवाना लागतो. संशोधकांना कोरे करकरीत कपडे आणि सामान ४८ तास गोठवून न्यावं लागतं, जेणेकरून एखादी मुंगी किंवा बी सोबत जाऊ नये. तरीही तिथे बाहेरून आलेल्या राखी टोळाच्या धाडीत बेटावरची हिरवळ ओरबाडली गेली आहे.

आग हा वेगळा शत्रू आहे. बाहेरून आलेलं गिनी गवत आणि बफेल गवत उन्हाळ्यात वाळून कोळ होतं, पेटतं, आणि जळल्यावर ओहाईच्या आधी उगवतं. लागवडीभोवती पट्टा गवतमुक्त ठेवा. सुबाभूळ तिथेही माजली आहे. ती उपटू नका, ओहाईची मुळं हलतात. जमिनीलगत कापा आणि फुटवे येतील तसे काढत राहा. सगळं एकाच दिवशी मोकळं केलं तर वारा वाळू उडवून नेतो, म्हणून तुकड्या-तुकड्याने.

वही

प्रत्येक झुडपासाठी एक पान ठेवा: आईचा क्रमांक, मूळ किनारा, लावल्याची तारीख, पहिलं फूल, शेंगा किती धरल्या आणि किती पिकेपर्यंत टिकल्या. शेवटच्या दोन आकड्यांतलं अंतर फार मोठं दिसलं तर सापळे वाढवा. शेंगाच धरल्या नाहीत तर माश्या आहेत का ते सकाळी उन्हं वर आल्यावर अर्धा तास बसून पाहा.

ओहाई दीर्घायुषी नाही. काही वर्षांत झुडूप थकतं, वाळतं. पुष्कळ लोक तेव्हा हळहळतात आणि ते मुळासकट उपटून जागा स्वच्छ करतात. तसं करू नका. जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या, वाळलेल्या फांद्या तिथेच आडव्या पसरा. त्यांच्या आडोशाला वाळू आणि ओल धरते. खाली पडलेल्या बियांना आपण टवका काढलेला नाही, त्यामुळे त्या एकदम उगवणार नाहीत. ओल्या हंगामातला पहिला मोठा पाऊस झाला की दोन आठवड्यांनी जा, गुडघे टेकून त्या फांद्यांखाली पाहा. जोडीने उघडलेली दोन जाडसर पानं दिसली तर त्याच्याशेजारी बांबूची कामटी रोवा आणि वहीत नवं पान सुरू करा.